कुंपण डाव्या हाताला

माझं हँडल फिरत नाही म्हणून मी मुकी झाले असं कुणी समजू नका. अवजारांच्या खोलीत, दाराशेजारच्या खिळ्याला जी मळकट पिशवी लटकते आहे ना, तीच मी. चक्री बोलतेय. दुकानात माझं नाव चांगलं लांबलचक होतं, बी आणि खत फेकण्याचं हातयंत्र की असंच काहीतरी. पण ज्या घरात मी आले तिथं एवढं नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. मी गरगर फिरायचे, म्हणून चक्री.

आधी माझी घडण सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. वर जाड कापडाची पिशवी, ते माझं पोट. पोटाच्या तळाशी एक झडप. झडपेखाली पत्र्याची तबकडी, आणि तबकडीला फिरवणारी दोन दातेरी चाकं. बाजूला हँडल. पट्टा खांद्याला अडकवायचा, मला पोटाशी धरायचं आणि हँडल फिरवत सरळ चालत सुटायचं. झडपेतून दाणे तबकडीवर पडतात आणि तबकडी ते भिरकावून देते. जे पोटात टाकाल तेच मी बाहेर टाकते. पोटात एक आणि ओठावर एक, हा प्रकार मला जमत नाही. तो माणसांना जमतो, आणि किती सुंदर जमतो ते मी जवळून पाहिलंय.

माझ्यात एक जन्मखोड मात्र आहे. तबकडी एकाच दिशेनं फिरते, त्यामुळे उजवीकडे दाणा लांब जातो आणि डावीकडे जवळच पडतो. मी कारखान्यातून अशीच आले. माझ्या बरोबरीच्या सगळ्या बहिणीही अशाच होत्या. खोड म्हणा, स्वभाव म्हणा, पण एवढं ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ यावरूनच झाला.

मला विकत आणलं ते आईनं. तिला दोन मुलगे, एक थोरला, एक धाकटा. नवरा लवकर वारलेला, तेव्हा शेतही तिचंच आणि निर्णयही तिचेच. दुकानात तिनं मला उचललं, हँडल फिरवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, "हा पट्टा मला चालायचा नाही. खांदा सोलून काढेल."

"काकू, सगळ्यांना हाच पट्टा येतो," दुकानदार म्हणाला.

"सगळ्यांचे खांदे सारखे येतात का?"

घरी आल्या आल्या तिनं एका जुन्या कोटाची बाही कापून मला नवा पट्टा शिवला. तो आजही माझ्या अंगावर आहे. त्यातला धागा न् धागा तिच्या हातचा.

शेताच्या वरच्या अंगाला जंगल होतं. तिथून हरणं उतरायची आणि जे दिसेल ते खाऊन जायची. शेजारीपाजारी डबे बडवायचे, फटाके उडवायचे, कुणी कुणी तारेत वीजही सोडायचे. आईचं डोकं वेगळंच चालायचं. तिनं जंगलाला लागून एक लांबट तुकडा आखला आणि जाहीर करून टाकलं की हा हरणांचा. घरात त्याला सगळे 'पाहुण्यांचा तुकडा' म्हणायला लागले.

"हरणांना आता ताट वाढून ठेवणार वाटतं!" शेजारी हसले.

"ठेवणार," आई म्हणाली. "त्यांचं त्यांना दिलं की आपलं आपल्याला राहतं."

आणि तसंच झालं. वर पोटभर मिळतंय म्हटल्यावर हरणांनी खाली यायचं सोडलं. हसणारे शेजारी मग हळूच विचारायला लागले, बी कुठलं टाकता, खत किती घालता. माणसाचं हसणं असं असतं, पिकापर्यंतच टिकतं.

त्या तुकड्याचं सगळं काम माझ्या पोटातून व्हायचं. जमीन वाफशावर आली, म्हणजे ओल धरून भुसभुशीत झाली, की आधी दाणेदार खताची फेरी. मग दाताळ्यानं माती खालीवर करायची. मग बी. हरणांसाठी पेरायचा तो लसूणघास, एक हिरवा चारा, आणि त्याचं बी इतकं बारीक, की तसंच भरलं तर झडपेतून भसाभस गळून जातं. आई त्यात चाळलेली वाळू कालवायची आणि झडप अगदी करंगळीच्या नखाइतकी उघडायची. बी पडलं की त्यावरून पाय घासत चालायचं, म्हणजे ते मातीला चिकटतं. मुलांना ते काम फार आवडायचं. चिखलात पाय घासायला सांगणारी आई कुणाला मिळते?

अर्धं बी उभं फेकायचं आणि अर्धं आडवं. एकाच दिशेनं फेकलं तर पट्टे पट्टे उगवतात, मध्ये टक्कल राहतं. मुलं मोठी झाली तशी उभी फेरी थोरल्याकडे आली आणि आडवी धाकट्याकडे. एकाचं राहिलेलं दुसरा भरून काढायचा. मी एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जायचे आणि मला दोघंही सारखेच वाटायचे. पट्टा तेवढा धाकट्यासाठी एक घर आवळावा लागायचा.

आईचे नियम दोनच, पण ते तिनं दोघांच्या हाडात मुरवले होते. पहिला, खताच्या फेरीनंतर मला धुवायचं. "खत मातीला पोसतं आणि लोखंडाला खातं," ती म्हणायची. "तिच्या पोटात रात्रभर राहू देऊ नका." बादलीभर पाणी, मग ऊन, मग चाकांवर तेलाचा थेंब. दुसरा नियम, कुंपण नेहमी डाव्या हाताला. हद्दीजवळून चालताना निघायचं टोक असं निवडायचं की माझी लांब फेकणारी बाजू आपल्याच रानाकडे राहील. चुकून कुणी उलटीकडून निघालं की ती घराच्या पायरीवरून ओरडायची, "टोक बदल! आपला दाणा दुसऱ्याच्या रानात गेला की धान्य त्याचं आणि भांडण आपलं."

एकदा माझ्या चाकाचा दात तुटला. थोरला म्हणाला, टाकून देऊ, नवी आणू. धाकट्यानं मला मांडीवर घेतलं, सगळी उघडली, कुठल्या तरी मोडक्या यंत्राचं चाक घासून घासून माझ्या मापाचं केलं आणि बसवलं. तेव्हापासून घरात काहीही अडलं की थोरला दारात उभा राहून हाक मारायचा, "धाकट्या, जरा बघ रे!" आणि धाकटा जिथं असेल तिथून यायचा. मला वाटायचं, घर असंच चालतं. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं यायचं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं वाटणीचं बोलून ठेवलं. "थोरल्याला आधी निवडू दे," एवढंच तिचं म्हणणं. थोरल्यानं वरची बाजू निवडली. सपाट, काळीभोर, घरासकट, जंगलाच्या काठासकट. धाकट्याला खालचा उतार आला, नुसते दगड, आणि पायथ्याशी एक बारीक ओढा. आई गेल्यावर दोन्हींच्या मधून तारेचं कुंपण पडलं. मला काही कापून वाटता येईना, म्हणून मी दोघांची राहिले. राहायचं वर, थोरल्याच्या अवजारांच्या खोलीत, आणि धाकट्याला लागेल तेव्हा त्यानं घेऊन जायचं.

लोकांना धाकट्याची कीव आली. त्याला नाही आली. त्यानं दगड वेचले, त्या दगडांचेच बांध घातले, ओढ्याचं पाणी नळीनं वर चढवलं आणि कलमं बांधायला घेतली, सफरचंदाची आणि नासपतीची. बायको पिशव्यांत माती भरायची, हा चाकूनं काप घेऊन पट्टी गुंडाळायचा. बघता बघता त्या खडकाळ उतारावर कलमांच्या ओळी उभ्या राहिल्या. गावोगावचे बागवाले गाड्या घेऊन यायला लागले. रस्त्यावरून पहिलं फाटक लागायचं ते थोरल्याचं, तेव्हा गाडी तिथं थांबायची. "कलमवाले इथंच का?"

"खाली," थोरला म्हणायचा.

दिवसातून कितीदा तरी त्याला तो एकच शब्द बोलावा लागायचा. मी खिळ्यावरून ऐकायचे. आधी तो शब्द साधा होता. मग आखूड झाला. मग तर तो नुसतंच बोट दाखवायला लागला.

एका दुपारी धाकटा माझ्या चाकांना तेल द्यायला आला होता. थोरला तिथंच कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. धाकटा म्हणाला, "दादा, या वर्षीची कलमं नीट गेली ना, तर खाली घर बांधतो. नाही गेली तर मात्र अवघड आहे. हिच्या माहेरी जावं लागेल. सासरे कधीपासून म्हणतायत, दुकानात येऊन बसा."

"जाशील कशाला?" थोरला म्हणाला. "मी आहे ना."

मी आहे ना! माझ्या पोटात तेव्हा काही नव्हतं, तरी भरून आलं. धाकट्याचं तर तोंडच उजळलं. तो गेला. थोरल्यानं दांडा परत ठोकायला घेतला.

नंतर त्याची बायको काही न्यायला आत आली तेव्हा तो तिला म्हणाला, "ओढा त्याच्या वाट्याला जातोय, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही."

"तुम्हीच तर निवडलं," ती म्हणाली.

"हो, मीच निवडलं," तो म्हणाला, आणि विषय बदलला. निवड याची, पस्तावा याचा, आणि त्याची शिक्षा कुणाला होणार आहे हे मला त्या वेळी कुठं ठाऊक होतं!

पुढच्या पेरणीला त्यानं पाहुण्यांचा तुकडाच हलवला. जंगलाच्या काठची जागा पडीक टाकली आणि धाकट्याच्या कुंपणाला लागून, जंगलाकडच्या टोकापासून फाटकापर्यंत, नवा लांब तुकडा नांगरला. बायको पायरीवर उभी होती.

"हरणांचा तुकडा तर वर असतो. इथं कुंपणाला कशाला?"

"वर सावली पडते. घास वाढत नाही."

"आईंच्या वेळी वाढायचा की."

"तू तुझ्या कामाचं बघ."

ती आत निघून गेली. मला वाटलं, खरंच सावली पडत असेल. झाडं वाढतात, तशी सावलीही वाढते. विश्वास ठेवायचा म्हटला की कारणं आपोआप सुचतात.

त्यानं माझ्या पोटात खत भरलं, पट्टा खांद्यावर घेतला आणि फाटकाकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी बुचकळ्यात पडले. त्या टोकाकडून निघालं तर कुंपण उजव्या हाताला येत होतं. मला वाटलं, चुकला. आता ओरडणारी पायरीवर नव्हती ना. अरे, टोक बदल! मी मनातल्या मनात ओरडले. त्यानं झडप मोठी उघडली, जोरात हँडल मारलं आणि कुंपणाला अगदी खेटून चालायला लागला. पांढरे दाणे तारांवर टणटण आपटत होते. जे आपटले नाहीत ते पलीकडे, धाकट्यानं स्वच्छ खुरपून ठेवलेल्या कलमांच्या ओळींत जाऊन पडत होते. धाकटा त्या दिवशी बाजारात गेला होता; तो परतेपर्यंत नळीच्या पाण्यात ते दाणे विरून गेले.

खत झालं. त्यामागून बियांचीही फेरी झाली. वाळू कालवलेलं बी, झडप करंगळीच्या नखाइतकी. आईनं शिकवलेलं सगळं त्यानं अचूक केलं. फक्त टोक तेवढं उलटं घेतलं.

आणि मग त्यानं मला धुतलं. इतकं स्वच्छ मला जन्मात कुणी धुतलं नव्हतं. शिवणीत अडकलेला दाणा न् दाणा काडीनं उकरून काढला, पट्टासुद्धा घासला. मी खुळी, मला वाटलं, किती जीव लावतो हा! आता कळतं, तो मला धुवत नव्हता, आपलं काम पुसत होता.

घास दोन्हीकडे उगवला. थोरल्याकडे बेताचा, धाकट्याकडे मात्र गच्च, कारण तिथं नळीचं पाणी होतं. धाकट्याचा भोळेपणा तर बघा! तो तारेपाशी आला आणि हसत म्हणाला, "दादा, तुझ्या घासाचं बी वाऱ्यानं माझ्याकडे आलेलं दिसतंय. बरंच झालं. घासानं जमीन सुधारते. मी उपटत नाही, राहू देतो."

"राहू दे," थोरला म्हणाला.

त्या दोन शब्दांनी माझी तबकडी गार पडली. त्या क्षणी मला समजलं की तो चुकला नव्हता.

पुढं काय झालं ते सांगायला फार अक्कल लागत नाही. जंगलकाठची जागा पडीक, तेव्हा हरणं खाली सरकली. आधी थोरल्याचा तुकडा चरली. खत खाऊन घास हिरवाकंच आणि गोड झाला होता. फाटक्या कानाची एक म्हातारी हरणी नेहमी पुढं असायची. आईच्या वेळेपासून ती येत होती. तिनं मान वर केली, तारेपलीकडे त्याहून दाट हिरवं दिसलं, आणि तिनं उडी मारली. तिच्यामागून बाकीची. तिला बिचारीला काय माहीत? इतकी वर्षं या घरानं वाढलेलं तिनं खाल्लं होतं, आणि हेही त्याच घरानं वाढलं होतं.

त्याच सुमारास वनरक्षक फेरीवर आला. संध्याकाळच्या उजेडात कुंपणाला लागून चरणारा कळप बघून तो हरखून गेला. "तुमच्यासारखी माणसं हवीत," तो थोरल्याला म्हणाला. "मुक्या जनावरांसाठी एवढं कोण करतं?"

"आईची शिकवण, दुसरं काय," थोरला मान खाली घालून म्हणाला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते हेच.

घास संपत आला तशी हरणं कलमांकडे वळली. कलमाचा कोवळा शेंडा म्हणजे त्यांना लोण्याचा गोळा. एका सकाळी धाकट्याच्या बायकोचा आवाज वर माझ्या खोलीपर्यंत आला. ती रडत नव्हती, नुसतीच "अहो, इकडे या, अहो, इकडे या" म्हणत होती. पट्टी बांधलेल्या जागेपर्यंत कलमं कुरतडून टाकलेली, ओळीच्या ओळी. खाली नुसत्या काठ्या उभ्या. धाकट्यानं मग काटे लावले, जाळ्या आणल्या, पहारा दिला. पण हरणांना एकदा पायवाट पडली की ती मोडत नाही. थोरला तारेशी येऊन हळहळत उभा राहायचा. "काय करावं रे या जनावरांना," म्हणायचा. एक दिवस तर त्यानं स्वतःच्या हातानं दोन जाळ्या नेऊन दिल्या. मला तार ओलांडून खाली उडी मारावीशी वाटली, पण मी खिळ्याला.

धाकट्यानं आशा सोडली नव्हती. मुळं शाबूत होती. वेळेवर खत मिळालं तर खुंटांना पुन्हा फूट येईल, निदान थोडी तरी वाचतील, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो मला न्यायला आला. आपलं स्वतःचं खत माझ्या पोटात भरलं, पट्टा एक घर आवळला आणि खाली जाऊन कामाला लागला. कितीतरी दिवसांनी मी त्याच्या खांद्यावर होते. कुंपणापाशी आल्यावर त्यानं, कुणी न सांगता, कुंपण डाव्या हाताला घेतलं. हाडात मुरलेलं कुठं जातं!

पांढरे दाणे काळ्या मातीवर नीट दिसत होते. तो चालता चालता थांबला. समोर तारेपासून निघालेला घासाचा पट्टा होता, अर्धामुर्धा चरलेला. पण त्याची अलीकडची कड कशी होती माहीत आहे? सरळ. दोरी लावून आखल्यासारखी. धाकट्यानं त्या कडेकडे पाहिलं. मग माझ्या तबकडीकडे पाहिलं.

तो तसाच मला घेऊन वर आला, फाटकातून थोरल्याच्या तुकड्यात शिरला. आधी जंगलाकडच्या टोकाला गेला. कुंपण डाव्या हाताला धरून चालला. दाणे तारेच्या अलीकडेच पडले, एकही पलीकडे गेला नाही. मग तो फाटकाकडच्या टोकाला आला. कुंपण उजव्या हाताला. हँडल मारलं. दाणे तारांवर टणटणले, पलीकडे गेले आणि घासाच्या त्या सरळ कडेपर्यंत जाऊन पडले. नेमके तिथपर्यंत. त्याच्यापुढे नाही.

जे होतं ते जमिनीवर पडलेलं होतं.

थोरला पायरी उतरून आला. "हे काय चाललंय?"

"दादा, आई कुठल्या टोकाकडून निघायची?"

"आता ते कुणाला आठवतंय?"

"मला आठवतंय. तुलाही आठवतंय."

"अरे, वाऱ्यानं गेलं असेल बी. तूच म्हणालास ना."

"म्हणालो होतो." धाकट्याचा आवाज अगदी खाली आला होता. "पण वाऱ्याला सरळ रेघ मारता येत नाही, दादा."

थोरल्याची बायको दारात आली होती. ओले हात तसेच. "मी विचारलं होतं," ती म्हणाली. "इथं कुंपणाला कशाला, म्हणून विचारलं होतं मी." मग ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

धाकटा ओरडेल असं मला वाटत होतं. मला तर हवंच होतं ते. त्यानं खांद्यावरून पट्टा काढला, मला खाली ठेवलं, अगदी हळू, तबकडीला धक्का लागणार नाही असं.

"जमीन हवी होती तर मागायचीस," तो म्हणाला. "मी दिली असती."

आई हरणांबद्दल म्हणायची, चोरून खाण्यापेक्षा मागून खाल्लेलं बरं. हरणांना ते कळलं होतं.

"ही तुझ्याकडेच राहू दे," माझ्याकडे बघत धाकटा म्हणाला. "हिची वाटणी नको."

उतार दादाला सोडून सासऱ्यांकडे जायचं ठरवलं आणि उरलेली कलमं त्यानं खोक्यांत भरली. जाण्याच्या दिवशी तो वर आला, पण थोरल्यासमोर गेला नाही. खालच्या फाटकाची किल्ली वहिनीच्या हातात दिली. "वहिनी, ओढ्यावरचा नळ जरा घट्ट आहे. जोर करू नका, तुटेल. आधी डावीकडे थोडा हलवायचा, मग उघडतो." तिनं किल्ली घेतली आणि पदर तोंडाला लावला. गाडी गेली. जाताना ती या फाटकाशी थांबली नाही.

थोरल्याला जमीन मिळाली. ओढाही मिळाला. त्यानं कुंपण काढून टाकलं, तारा गुंडाळून माझ्याच खोलीत कोपऱ्यात टाकल्या. पाहुण्यांचा तुकडा पेरणं त्यानं बंद केलं. आता काय गरज? फाटक्या कानाची हरणी येऊन जुन्या जागी उभी राहिली, तर हा डबा बडवत धावला. गरज सरो, वैद्य मरो. ती निघून गेली, पण जाताना वळून वळून घराकडे बघत होती. तिचं आणि माझं दुःख एकच आहे. आम्ही दोघींनी या घराचं वाढणं खरं मानलं.

आणि मला? त्या दिवशी धाकट्यानं खाली ठेवलं ते थोरल्यानं उचललं आणि तसंच खिळ्याला अडकवलं. पोटात खत होतं. धाकट्याचं खत, त्याच्या खुंटांसाठी आणलेलं. थोरल्याला माझ्या पोटात हात घालवेना. जो माणूस पाप करून मला काडीनं कोरून धुवत होता, त्याला ते पाप उघडं पडल्यावर माझ्याकडे बघवेना. खतानं हवेतली ओल ओढली, दगड झालं, आणि मग ते आईच्या शब्दाला जागलं. लोखंड खायला लागलं. आधी झडप गेली, मग चाकं. धाकट्यानं घासून बसवलेलं चाक सगळ्यांत शेवटी अडकलं.

या पेरणीला थोरला आत आला. आता सगळं रान त्याचं, उभं आडवं सगळं त्यालाच करायचं होतं. त्यानं मला खिळ्यावरून काढलं, हँडल धरलं. फिरेना. तेल ओतलं. फिरेना. दगडानं ठोकलं. माझ्या पोटातून एक पांढरं ढेकूळ सुटून त्याच्या पायावर पडलं, पण हँडल फिरेना. मग तो मला घेऊन दारात गेला, उताराकडे तोंड करून उभा राहिला आणि जन्माच्या सवयीनं मोठ्यानं हाक मारली, "धाकट्या, जरा बघ रे, हिला काय झालंय!"

हाक उतारावरून खाली गेली, ओढ्यापर्यंत. तिथं कुणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला, उत्तर यायचं आहे असा. मी त्याच्या हातात होते. दया यावी असाच तो क्षण होता. मला नाही आली. मग त्यानं मला परत खिळ्याला अडकवलं, आणि बाहेर जाऊन मुठीनं बी फेकायला लागला.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला खतानंतर धुवा. वाळवा, तेलाचा थेंब सोडा. कुंपणाशी आलात की जरा थांबून बघा, ते कुठल्या हाताला आहे. आणि कधी या खोलीत आलात, तर कनवाळूपणानं माझी चाकं सोडवायला जाऊ नका. मला सोडवणारा एकच होता, तो इथून गेला. त्याला इथून घालवायला ज्या हातानं मला फिरवलं, त्या हाताखाली मला पुन्हा फिरायचं नाही.